सावडीत मजुरी नाही

माणूस नाशिकला देवदर्शनाला जातो, कुंभमेळ्याला जातो, नाहीतर लेकीकडे जातो. मी गेले ती 'नाही' म्हणायला. म्हणजे नकार मनात पक्का होता, फक्त तो जरा रीतसर द्यावा म्हणून एवढा लांबचा प्रवास.

झालं होतं असं. तासगावच्या बाजूला आमची शाळा आहे आणि मी तिथं मुख्याध्यापिका. दोन हजार साल उलटून चार-सहा वर्षं झाली होती. 'ज्ञानरचनावाद' हा कडक इस्त्रीचा शब्द प्रशिक्षणांमधून नुकताच फिरू लागला होता. आम्ही जुने लोक तो वहीत लिहून घ्यायचो, चहा प्यायचो आणि घरी यायचो. आमच्या सुषमानं मात्र तो मनावर घेतला. वय कोवळं, नोकरी नवी, त्यामुळे उत्साह दांडगा. तिनं सहावीच्या वर्गातले बाक भिंतीला लावले, मुलांना पाच-पाचांच्या गटात जमिनीवर बसवलं, प्रत्येक गटात एखादं हुशार, एखादं ढ असं मिसळून. त्यांनी आपसात बोलून शिकायचं. वर्गात कलकलाट सुरू झाला आणि पाठोपाठ पालकांचा.

"आमची पोरगी हुशार आहे. तिनं दुसऱ्याची पोरं शिकवत बसायचं, तर तुम्ही पगार कशाचा घेता?" हा प्रश्न आमच्या गावातल्या एका कापड दुकानदारानं मला भर बाजारात विचारला. संस्थेनं सांगितलं, दिवाळीनंतर बाक जागेवर आले पाहिजेत. निर्णय तुमचा, पण तो हाच घ्या.

मी सुषमाला बोलावलं. ती रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. म्हणाली, "बाई, नाही म्हणायचं तर म्हणा. पण एकदा कुठंतरी नीट चाललेलं बघा आणि मग म्हणा." तिची डी.एड.ची एक मैत्रीण पेठ तालुक्यात नोकरीला होती. तिथल्या एका पाड्यावर भोये गुरुजी म्हणून आहेत, त्यांचा वर्ग बघण्यासारखा आहे, असं तिनं कळवलं होतं. म्हटलं चला, तेवढंच नाशिक बघणं होईल.

नाशिक

सकाळी सीबीएस या एसटी स्थानकावर उतरलो तर पोटात कावळे. सुषमा म्हणाली, मिसळ खाऊ. आम्ही सांगली-कोल्हापूरकडचे लोक मिसळीच्या बाबतीत फार गर्विष्ठ. समोर प्लेट आली तर तिच्यासोबत चक्क भाजलेला पापड आणि दही. मी मनात म्हटलं, पंगतीला बसवलंय की काय! पण काळ्या मसाल्याचा रस्सा हळूच मागून येऊन घसा धरतो, हे दोन घासांनी कळलं. आमचा रस्सा दारातच ओरडतो, इथला घरात शिरून बसतो. मी दुसऱ्यांदा रस्सा मागितला आणि सुषमाकडे न बघता खाल्ला.

गंगेवर गेलो. इथं गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. काठावर भाजीवाल्या बायका बसलेल्या होत्या. नवरात्र तोंडावर आलेलं, त्यामुळे झेंडूच्या पाट्याच पाट्या. आजूबाजूच्या मळ्यांतून पहाटे तोडून आणलेला माल. एका बाईनं मला विचारलं, "कुठून आल्या?" तासगाव म्हटल्यावर म्हणाली, "मंग तुमच्याकडं बी द्राक्षंच की! इथं काय बघाया आल्या?" शाळा बघायला आलोय असं सांगितल्यावर तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि मेथीची जुडी पुढं केली.

सावळ घाटाच्या पलीकडे

पेठची एसटी शहराबाहेर पडली की आधी द्राक्षबागा लागतात आणि तिथवर मला घरीच असल्यासारखं वाटत होतं. पुढं घाट लागला आणि मुलूख एकदम बदलला. भाताची खाचरं, मधेच सागाची झाडं, आणि डोंगराच्या उतारांवर पिवळ्या फुलांचे पट्टे. मला सूर्यफुलाची धाकटी बहीण वाटली, कंडक्टर म्हणाला खुरासणी. तिचं तेल काढतात, चटणी करतात.

फाट्यावर भोये गुरुजी उभे होते. पन्नाशीचे, काटक, मितभाषी. पाड्यावर जायला बांधावरून वाट होती. सुषमाची एक चप्पल चिखलानं अशी गिळली की परत दिली नाही. गुरुजींनी हात कोपरापर्यंत घालून शोधली, मग म्हणाले, "भात कापू तेव्हा सापडंल." सुषमा उरलेली चप्पल हातात घेऊन शाळेत पोचली.

शाळा सातवीपर्यंतची, शिक्षक तीन. गुरुजींच्या खोलीत पाचवी ते सातवी एकत्र. मुलं पाच-पाच जणांची कोंडाळी करून बसलेली, अगदी सुषमाच्या वर्गासारखी. मी म्हटलं, "इथंही गट पाडलेत तर."

"गट म्हटल्यावर यांना काही कळंना," गुरुजी म्हणाले. "सावड म्हटलं, तर लगेच बसले."

सावड म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं. लावणीच्या दिवसांत चार-पाच घरं एकत्र येतात. आज तुझ्या खाचरात सगळे, उद्या माझ्या. मजुरी कुणी देत नाही, घेत नाही. शेवटच्या घराचं खाचर लावून होईपर्यंत सावड संपत नाही. आमच्याकडे याला पैरा म्हणतात. बैल आणि माणसं अशीच फिरवतात. फक्त पैरा शाळेत आणावा असं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

या वर्गाचा नियमही तोच होता. सावडीतल्या सगळ्यांना समजलं की मधली पाटी पालथी घालायची. मग गुरुजी येणार आणि ज्याला सगळ्यात शेवटी समजलं त्यालाच विचारणार. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही.

गुरुजी म्हणाले, "बाई, तुम्ही एखादं विचारा."

मी फळ्यावर लिहिलं: तीन भागिले एक छेद दोन. यांना हे अजून शिकवलेलं नव्हतं. आमच्या सहावीला मी नेहमी सांगते, अपूर्णांक उलटा करा आणि गुणा, उत्तर सहा. दोन मिनिटांत विषय संपतो.

कुजबुज सुरू झाली, त्यांच्या पाड्याच्या कोकणी बोलीत. कुणी सागाची पानं अर्धी-अर्धी फाडू लागलं. मी वाट बघत राहिले. पुढच्याच सावडीत यमुना नावाची एक मुलगी होती, तरतरीत. तिला उत्तर आलंय हे माझ्यासारख्या जुन्या खोडाला लगेच दिसलं. ओठांवर होतं. पण ती शेजारच्या सोमाकडे बघत गप्प. सोमा पाटीवर 'दीड' लिहून डोकं खाजवत होता. हात एकाचाही वर नाही. बराच वेळ गेला. मला वाटलं, बुजलीत बिचारी, जरा हुरूप द्यावा. पर्समधून नवं कोरं पेन काढलं आणि म्हटलं, "जो पहिला उत्तर सांगेल, त्याला हे बक्षीस!"

आमच्या शाळेत ही मात्रा कधी फुकट जात नाही. इथंही गेली नाही. यमुना उभी राहिली. "सहा."

मी पेन तिच्या हातात दिलं आणि टाळ्या वाजवल्या. माझ्या एकटीच्याच. सुषमानं वाजवल्या नाहीत, मुलांनी वाजवल्या नाहीत. गुरुजी "बरोबर आहे" म्हणाले आणि त्यांनी फळा पुसला.

दुपारी ओसरीत खिचडी वाढली. मुलं जेवायलाही सावडीनंच बसली. यमुना ताटली घेऊन आली तर तिच्या कोंडाळ्यात जागाच नव्हती. चौघं सरकून बसली होती, अशी की मधे फट राहू नये. ती पायरीवर जाऊन एकटी बसली. खाल्लं नाही तिनं फारसं.

मी त्या सावडीतल्या मंगल नावाच्या मुलीला विचारलं, "तिला का नाही घेतलं?"

"तिनं मजुरी घेतली."

"मजुरी?"

"पेन." मंगल मला समजावून सांगावं तशी म्हणाली, "सावडीत मजुरी नसती बाई. सोमाचं खाचर तसंच राह्यलं, अन् हिनं मजुरी घेतली."

गुरुजींच्या घरी

मुक्काम गुरुजींकडेच होता. त्यांच्या पत्नीनं नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी, उडदाची डाळ आणि खुरासणीची चटणी वाढली. आमची ज्वारीची भाकरी पांढरी आणि मऊ. ही विटकरी, वजनदार, एकीतच पोट भरावं अशी. चटणीला तेलकट, कडवट अशी एक चव होती, ती मला फार आवडली. एरवी मी कृती लिहून घेतली असती. त्या संध्याकाळी वही पर्समध्येच राहिली.

"पोरांचं रुसणं आहे. उद्या विसरतील," मी म्हटलं. स्वतःलाच सांगत होते.

गुरुजी म्हणाले, "विसरले नाहीत तर अवघड आहे. दसरा झाला की यमुना जाईल."

तिचे आईबाप द्राक्षांच्या छाटणीला दिंडोरीकडे जातात आणि होळीच्या सुमारास परत येतात. पोरं सोबत जातात, घरी सांभाळणार कोण? यमुनाची थोरली बहीण अशीच जायची. तेव्हा शाळेत सावड नव्हती. ती परत आली की वर्ग कुठल्या कुठं गेलेला असायचा. मागं बसायची, काही कळायचं नाही. एका वर्षी आलीच नाही. आता तिचं लग्न झालंय.

"मी एकटा तीन वर्ग बघतो," गुरुजी म्हणाले. "चार-पाच महिन्यांचं राहिलेलं मी एकटा नाही भरून काढू शकत. सावड भरून काढती. यमुनाला सावडीनं सोडलं, तर पुढच्या वर्षी तिची गत बहिणीसारखीच."

"तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

"ऐकतील, माझ्यासमोर."

सुषमा पुढं सरकली. तिनं विचारलं, "शेतातल्या सावडीत असं झालं तर काय करतात?"

गुरुजींच्या पत्नी चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या पाड्यात ज्यानं मोडली त्यानं येऊन राबायचं. ज्याचं खाचर राह्यलं, त्याच्या खाचरात."

"सावड तर मी मोडली," मी म्हटलं.

"मंग तुमी," असं म्हणून त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली.

सोमाचं खाचर

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर उभी राहिले आणि सांगितलं की पेन देणं ही माझी चूक होती, यमुनाची नव्हती. तिला सावडीत परत घ्या, आणि मला काय करायचं ते सांगा. मुलांची आपसात बरीच खलबतं झाली. यमुनानं तेवढ्यात पेन आणून माझ्या हातात ठेवलं. मग मंगल उठली.

"बाईंनी अन् यमुनानं सोमाला शिकवायचं. पण उत्तर सांगायचं नाय. त्याला आपसूक आलं पायजे."

गुडघे दुखतात म्हणून मी घरी पाटावरसुद्धा बसत नाही. तिथं शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडी घातली. सुषमा भिंतीशी उभी होती, तोंडाला पदर लावून. हसत होती, माझी खात्री आहे.

"हे बघ सोमा," मी सुरू केलं, "अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं."

"उलटा का करायचा?"

"तसा नियम आहे."

"कुनाचा?"

सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं. एवढी वर्षं तो नियम मी शेकडो मुलांच्या गळी उतरवला होता आणि तो कुणाचा हे एकानं विचारलं नव्हतं.

मी भाकरीवर आले. "तीन भाकरी आहेत. प्रत्येकाला अर्धी दिली. किती जणांना पुरतील?"

"सहा."

"मग? झालं की!"

"पन अर्धीच भेटली ना," सोमा म्हणाला. "वाटलं की कमीच व्हतं. तीनाचं सहा कसं व्हईल? भाकरी काय वाढली?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पोरगं ढ नव्हतं. ते ज्या ठिकाणी अडलं होतं, तिथं अडायलाच हवं होतं. भागाकार केला की संख्या कमी होते, हे आम्हीच तर त्याला चौथीपर्यंत शिकवलं. आता एकदम वाढली, तर त्यानं का म्हणून मुकाट्यानं मानावं?

यमुना उठली आणि खिचडीच्या खोलीतून बादली, तांब्या आणि एक पेला घेऊन आली. आधी सोमाला दाखवलं की दोन पेल्यांनी तांब्या भरतो. मग तीन तांबे पाणी बादलीत ओतलं, पेला त्याच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, "मोज."

सोमानं मोजलं. एकेक पेला काढून खिडकीतून बाहेर फेकत. सहा झाले, बादली रिकामी. तो रिकाम्या बादलीकडे बघत बसला. मला राहवेना. उत्तर माझ्या तोंडातून उडी मारायला आलं होतं. मंगलनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मान हलवली. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी केली नसेल एवढी करडी नजर होती ती.

बऱ्याच वेळानं सोमा म्हणाला, "पानी तेवढंच व्हतं."

त्यानं पेला तांब्याशेजारी धरून पाहिला.

"माप बारकं. म्हून येळा जास्त." मग त्याचा चेहरा उजळला. "सहा म्हंजी पानी नाय! सहा येळा!"

त्यानं स्वतःच पाटी पालथी घातली. मंगल बाजूला सरकली आणि यमुना त्या जागेत जाऊन बसली, जणू काल काही झालंच नव्हतं. मला भरून आलं. वर्गात डोळे पुसण्याची मला सवय नाही, पण पुसले.

निघताना यमुना दारापर्यंत आली. मी तिला विचारलं, "तुला तर कालच येत होतं. सोमासाठी थांबून तुझा वेळ गेला ना?"

ती जरा विचारात पडली. "काल पानं फाडून सहा आलतं बाई. पन कशाचं सहा, ते मला बी आज कळलं."

दिंडोरीकडून परत

परतीला पुन्हा द्राक्षबागा लागल्या. काही बागांमध्ये छाटणी सुरू झाली होती. बांधाला निळ्या प्लास्टिकची पालं, बाहेर तीन दगडांची चूल, आणि आठ-दहा वर्षांची एक मुलगी कडेवर तान्हं घेऊन उभी. येताना हे सगळं इथंच असणार. माझ्या डोळ्यांना तेव्हा फक्त द्राक्षं दिसली होती.

आमच्या तासगावकडेही छाटणीला लांबून मजूर येतात. त्यांची एक-दोन मुलं दर वर्षी आमच्या वर्गात मागं येऊन बसतात आणि एक दिवस न सांगता निघून जातात. हजेरीत त्यांच्या नावापुढं काय लिहायचं, याचीच मला काळजी असायची. ती परत जातात तेव्हा त्यांच्या गावच्या शाळेत त्यांना कोण सरकून जागा देतं, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी सुषमाला तसं म्हटलं. तिनं माझा हात धरला तो नाशिक येईपर्यंत सोडला नाही. तिच्या पायात गुरुजींच्या पत्नीनं दिलेल्या रबरी चपला होत्या, दोन माप मोठ्या.

घरी

संस्थेची बैठक झाली. कापड दुकानदार आलेच होते. त्यांनी तोच प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न मूर्खपणाचा नाही, असं मी आधी कबूल केलं. आपल्या लेकराचं नुकसान कुणाला चालेल? मग मी त्यांना यमुनाचं वाक्य सांगितलं. दुसऱ्याला शिकवताना तुमच्या मुलीचा वेळ जातो हे खरं, पण त्या वेळात तिला जे कळतं ते माझ्या नियमानं इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. त्यांना ते पटलं असं मी म्हणणार नाही. अध्यक्षांनी विचारलं, निकाल घसरला तर? मी म्हटलं, तर मला विचारा, सुषमाला नाही. बाक भिंतीला लागले ते लागलेच.

होळी होऊन आठवडा झाला असेल. दुपारी शाळेत फोन वाजला. भोये गुरुजी, पेठच्या एसटीडी बूथवरून. मी नमस्कारसुद्धा न करता विचारलं, "यमुना आली?"

"आली. चार दिवस झाले."

"सावडीत बसली?"

"बसली. सोमा शिकवतोय तिला."

मी मोठ्यानं हसले. सुषमा धावत आली, तिला खुणेनं सांगितलं. मग मनात भीतीनं डोकं वर काढलं. चार-पाच महिने म्हणजे थोडे नव्हेत.

"बाकीची सावड कुठवर पोचली, गुरुजी? फार पुढं गेलीत का?"

"गेली होती पुष्कळ पुढं," गुरुजी म्हणाले. "आता थांबलीत."